सलग भोंगा

आमच्या दिग्दर्शकाची एक रीत आहे. मुलाखत संपली की तो सगळ्यांना खोलीबाहेर हाकलतो आणि थोडा वेळ नुसती शांतता रेकॉर्ड करून घेतो. पुढे दोन वाक्यांच्या मध्ये खड्डा पडला तर ती तिथे भरायची. भरायचं काम माझं, कारण माहितीपटाचं संकलन मी करते. ती शांतता ऐकत बसायला त्याला वेळ नसतो, ते भोग माझ्या वाट्याला.

त्या दिवशी मुलाखत माझ्या बाबांची होती. युद्धात सैन्य गावात शिरलं तेव्हा बाबा कौलांच्या कारखान्यात भोंगा वाजवायचे. तुटक भोंगा म्हणजे धोका आहे, हलू नका. सलग भोंगा म्हणजे धोका टळला, बाहेर या. शेजारच्या वस्तीतली माणसं विझलेल्या भट्ट्यांमध्ये लपली होती. बाबांनी जिवावर उदार होऊन तुटक भोंगा दिला, तरी सैनिकांनी त्या लपलेल्या माणसांना हुडकून मारलं, असं अख्खं गाव सांगतं. कारखान्याच्या फाटकावर बाबांच्या नावाची पाटी आहे. आमचा माहितीपट त्या पाटीवरच संपणार होता.

शांततेसाठी सगळे बाहेर गेले. आत्याचे गुडघे धरलेले, म्हणून ती आणि बाबा तेवढे आत राहिले. माइक बाबांच्या शर्टालाच होता. कॅमेरा बंद म्हणजे सगळं बंद, असं आत्याला वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी मी ती शांतता लावली आणि हेडफोनमधून आत्याच बोलायला लागली.

"दादा, परत तेच सांगितलंस. तू सलग भोंगा दिला होतास."

बाबा म्हणाले, "तुझी वेणी त्या सैनिकाच्या मुठीत होती."

"मग तसं सांग ना. माझं नाव घेऊन सांग. मी तरी मूग गिळून किती बसू?"

मी हेडफोन काढून फेकलाच. खुर्चीत बसवेना. खिडकी उघडली, लावली, परत उघडली. चहा मागवला आणि तसाच गार होऊ दिला. एवढा तुकडा पुसायला एक बटण पुरे होतं. बाबांचा राग आला, आत्याचा आला, त्या दिग्दर्शकाचा तर फारच आला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. ज्यांची माणसं त्या भट्ट्यांमधून बाहेर आली, त्यांच्यासमोर ही म्हण मला उच्चारता आली असती का? जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटी उठून घरी गेले. बाबा नखं कापत होते. मी काय ऐकलं ते एका दमात सांगून टाकलं. त्यांनी वर पाहिलं नाही, उरलेली बोटं पुरी केली आणि चपला शोधायला लागले. आत्या म्हणाली, मला सोडून कुठे निघालात. मग गुडघे सांभाळत तीही आली.

संकलनाच्या खोलीत बाबांनी ते दोनदा ऐकलं. आत्या भिंतीकडे बघत होती. माझे बाबा इतके लहानसे मी कधी पाहिले नव्हते. मला रडू येत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

"तुम्ही म्हणाल तर पुसते," मी म्हणाले. असं विचारायचं नाही, हे मला कळत होतं.

"यात सगळं नाही आलं," बाबा म्हणाले.

"काय राहिलं?"

"भोंगा सलग होता ना. ती माणसं हसत बाहेर आली. पोरांना खांद्यावर घेऊन." हेडफोन टेबलावर ठेवायला त्यांना दोन्ही हात लागले. "तुझ्या त्या माणसाला फोन कर. म्हणावं, कॅमेरा घेऊन ये."