हवालदारांची बाज

मी बाज बोलतेय. बाभळीच्या लाकडाची, काथ्यानं विणलेली आणि जरा कुरकुरणारी. हसू नका! तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल आणि तिच्यावर टेकल्याशिवाय तुमचा चहा घशाखाली उतरत नसेल.

आमच्या मलकापूरच्या सुतारानं मला केलं ते जोतीराम हवालदारांसाठी. बांगलादेशची लढाई झाली आणि ते पेन्शनीवर घरी आले. अंगणात मला टाकायचे, वर ऐसपैस पसरायचे आणि येईल-जाईल त्याला पलटणीच्या गोष्टी ऐकवायचे. आतून बायको, बनुबाई, ओरडायची, "आवं, किती येळा त्यो रणगाडा फोडशीला?" काय मजेचे दिवस होते!

मग त्यांच्या पाठीचं दुखणं सुरू झालं. मिरजेला मोठ्या दवाखान्यात नेलं. गाठ मणक्यात पसरली होती. डॉक्टरांनी बनुबाईला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं, "हे बरं होणारं नाही. घरी न्या. त्यांना दुखणार नाही एवढं बघा."

एवढं बघा! बाई त्या शब्दांना चिकटूनच राहिली. गोळी वेळेवर द्यायची, चादर हळूच ओढून कूस बदलायची, पाठीखाली जुन्या लुगड्याची घडी सारायची. कुणी मला नुसतं टेकलं तरी हवालदारांच्या तोंडून 'आई गं' निघायचं. म्हणून ती भुईवर बसून भरवायची. मीही कुरकुर गिळायला शिकले.

एकदा ते तिला म्हणाले, "बने, मला समदं कळतंय. पर शेवटाला मला खाली घेऊ नगा. लय दुखंल." तिनं तोंडाला पदर लावला आणि होकारार्थी मान हलवली.

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल. माणूस जायला लागला की त्याला बाजेवरून भुईवर घ्यायचं. बाजेवर प्राण गेला तर जीव बाजेतच अडकतो म्हणे.

आणि तो दिवस आलाच. दुपारी श्वास लागला, भावकी जमली, भुई सारवली. हवालदारांचे चुलते नाथाजी म्हणाले, "धरा रं, खाली घ्या." चौघांनी हात घातला मात्र, हवालदार असे ओरडले की माझे चारी पाय लटपटले.

"हात काढा!" बनुबाई आडवी आली.

"अगं पोरी, जीव अडकंल त्येचा. गती मिळायची न्हाई."

"मामंजी, जित्तेपणी दुखतंय ते आदी बगा. मागनं काय व्हईल ते माझ्या डोक्यावर!"

नाथाजी तोंड फिरवून बाहेर गेले. मागोमाग बाकीचेही गेले. ती हवालदारांचा हात धरून बसून राहिली. दिवस कलताना ते माझ्यावरच गेले.

अशी बाज कुणी घरात ठेवत नाही. मला उसाच्या बांधावर आणून टाकलं. काथ्या कुजलाय, एक पाय वाळवीनं खाल्लाय. लोक मला वळसा घालून जातात. भावकी अजून बनुबाईला ऐकवते, "अडकवलास गं त्येला." वैरणीला आली की ती माझ्यापाशी थांबते, माझ्यावर हात ठेवते आणि विचारते, "आवं, सुटलासा न्हवं?"

तेव्हा मला रडू कोसळतं. दुखणाऱ्याचं अंग सदा आवळलेलं असतं, ते मी कितीतरी महिने पेललं. शेवटच्या घटकेला ते सगळं सैल पडलं आणि माझ्या काथ्यावर निवांत विसावलं. हे कळलं ते मला एकटीला, आणि माझं बोलणं तिला काही केल्या ऐकू जात नाही.

तुम्हाला जातंय ना? मग कधी मलकापूरला गेलात तर बनुबाईला गाठा. म्हणावं, बाई, हवालदारांना शेवटी दुखत नव्हतं.