तिसऱ्या रांगेतली विद्याश्री

त्या रविवारी संयोगिता "कोंडवाडा लावा" म्हणाली आणि आक्काला चहाचा ठसकाच लागला.

लागणारच की. उचगावात शिवम्माच्या घरी रविवारी दुपारी टीव्हीवर काय लावायचं यावरून भांडण व्हायचं, ते या दोघींतच. शेजारची आक्का 'कोंडवाडा'वाली. दहा-बारा माणसं एका बंगल्यात कोंडायची आणि कोण कुणाच्या झिंज्या उपटतंय ते बघायचं, याहून टीव्हीचा चांगला उपयोग तिला माहीत नव्हता. कसबा बावड्याहून स्कूटीवर येणारी संयोगिता 'गिरकी'वाली. ती नाचाची स्पर्धा. तिच्यात नाच थोडा आणि गहिवर फार. आणि दोन्हींचा आदल्या रात्रीचा भाग परत दाखवायचे नेमका एकाच वेळी. बायकांत कळ लावून वाहिनीवाल्यांना काय मिळतं, देव जाणे.

"काय गं, ताप-बीप आलाय काय तुला?" आक्का म्हणाली. "नाच सोडून कोंडवाडा?"

"कटाळा आलाय गिरकीचा. सारखं तेच ते. आज तुमचं बघूया."

"न्हाय," शिवम्मा म्हणाली. रिमोट तिच्या मांडीवर होता. "गिरकीच लावायची. माझी पोरगी यायची हाय."

एस.टी.तून लेक माहेरी यायची असावी, इतक्या सहज ती हे बोलली. आक्कानं मान खाली घातली आणि शेंगा सोलायला घेतल्या.

शिवम्माची लेक विद्याश्री श्रावणात डेंगूनं गेली होती. संयोगिताची कॉलेजपासूनची मैत्रीण. कार्तिकात तिचं लग्न व्हायचं होतं, निपाणीचं स्थळ, सुपारीसुद्धा फुटली होती. संयोगिता मराठ्याची, तिच्या घरात माणूस गेलं की आडवं न्यायचं आणि अग्नी द्यायचा. लिंगायतांत मेलेल्याला बसवतात आणि बसलेलंच पुरतात, हे तिनं ऐकलं होतं, पण जिवाभावाच्या मैत्रिणीला भिंतीला टेकून, कपाळभर विभूती लावून, हार घालून बसवलेलं बघितलं तेव्हा ती दारातच थबकली. आता ही डोळे उघडेल आणि "काय बघतीयास?" म्हणेल, असं तिला वाटत राहिलं. तेव्हापासून ती झोपेत दचकायची.

शिवम्मानं नंतर निरोप धाडला, "रविवारचं येत जा. घर खायला उठतंय." म्हणून ती यायची.

दिवाळी झाली आणि 'गिरकी'चं नवं पर्व सुरू झालं. पहिल्याच भागात एक पोरगा गिरकी घेताना धपकन पडला, परीक्षक हसले आणि कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला. तिसऱ्या रांगेत विद्याश्री बसली होती. मोरपंखी साडी, केसांत अबोली, आणि तोंडावर हात न घेता ती खदाखदा हसत होती.

आक्का "आई गं!" म्हणून उठलीच. शिवम्मा मात्र जागची हलली नाही. टीव्हीकडं बघत म्हणाली, "बशिवली तशीच बसलीया बघ."

भुताखेताचं काही नव्हतं, हे संयोगिताला पक्कं ठाऊक होतं. उन्हाळ्यात महिला मंडळाच्या बायकांबरोबर त्या दोघी मुंबईला चित्रीकरण बघायला गेल्या होत्या. नाच सुरू व्हायच्या आधीच कानाला यंत्र लावलेला एक माणूस पुढं उभा राहिला. म्हणाला, हसा. सगळ्या हसल्या. म्हणाला, टाळ्या वाजवा. वाजवल्या. म्हणाला, आता डोळे पुसा. ते तुकडे त्यांनी ठेवून दिले असणार आणि आता लागतील तिथं चिकटवत असणार. मेलेल्या माणसाला कुठं ठाऊक असतं की आपलं हसणं अजून वापरात आहे?

तिनं शिवम्माला हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं. शिवम्मा "कळलं की" म्हणाली होती. पण पुढच्या रविवारी तिनं सोफा टीव्हीसमोर ओढून घेतला आणि आपल्या शेजारची जागा मोकळी ठेवली. विद्याश्री दर भागात यायची. कधी कुणी पडलं की हसायची, कधी कुणी जिंकलं की टाळ्या वाजवायची. तेवढा वेळ शिवम्माच्या अंगात जीव यायचा. ती जेवायला लागली होती, आक्काशी भांडायला लागली होती. त्या एका हसण्यावर ती बाई तगली होती.

आणि म्हणूनच संयोगिताला आज 'गिरकी' लागायला नको होती. हसणं येऊन गेलं होतं, टाळ्या येऊन गेल्या होत्या. डोळे पुसण्याचा तुकडा अजून यायचा होता. आजच्या भागात कुणाची तरी आई मंचावर येणार, हे जाहिरातीत सांगूनच टाकलं होतं.

बाकीच्या बायकांनी त्या दिवशी कोरडेच डोळे पुसले होते. विद्याश्री मात्र खरी रडली होती. आधी तिला जमेना. मग संयोगितानं गंमत म्हणून कानात सांगितलं, "सासरी निघालीयास असं समज." तशी ती हुंदके द्यायला लागली ती थांबेचना. यंत्रवाला माणूस म्हणाला, "वा ताई, एकदम नॅचरल!" परतीच्या गाडीत विद्याश्री काय बोलली, ते एकट्या संयोगिताला ठाऊक होतं. ते ओझं तिनं कुणापुढं उतरवलं नव्हतं.

'गिरकी' लागली. नाचणाऱ्या पोरीची आई मंचावर आली, मायलेकी गळ्यात पडल्या, सनई वाजली. आणि तिसऱ्या रांगेत विद्याश्री रडताना दिसली. नाक लाल झालेलं, ओठ वाकडे, पदर अख्खा तोंडात. तुकडा चांगला होता, त्यामुळं त्यांनी तो पुन्हा दाखवला, आणि मग आणखी एकदा.

आक्काच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. शिवम्मानं टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "हसणं सांगून केलेलं म्हणालीस. रडणंबी तसलंच की गं?"

"व्हय काकू. सगळं सांगून केल्यालं."

"म्हंजे ती रडली न्हाय."

"न्हाय."

शिवम्मानं मान हलवली. म्हणाली, "मग हसलीबी न्हाय."

संयोगिता दु:ख झाकायला गेली आणि म्हातारीच्या हातातलं होतं तेवढं सुखही काढून घेऊन बसली.

"तसं न्हाय काकू. हसली हुती ती. खरंच हसली हुती, मी शेजारीच हुतो की."

"मग रडलीबी खरीच," शिवम्मा म्हणाली.

आक्का उठून जायला लागली, तर शिवम्मानं तिला हातानंच बस म्हणून खुणावलं.

"निपाणीवाल्यांचं ठरलं त्या आठवड्यात ती माझ्याजवळ आलती. हितंच, ह्या जाग्यावर बसली. म्हणाली, काय तरी सांगायचं हाय. टीव्हीवर हीच गिरकी चालू हुती. म्हटलं, एवढा नाच संपू दे. नाच संपला आन् बघतोय तर पोरगी उठून गेलती. परत इचारायचं माझ्या ध्यानात आलं न्हाय." तिचा आवाज सपाट होता. "मला काय येड लागलंय व्हय गं? ती तिथं न्हाय, हे कळतंय मला. तरी दर रविवारी बघतोय, आज तरी बोलंल. नुसती हसती, नुसती रडती. आवाज त्या मेल्या गाण्याचा."

मंचावर पुढचा नाच रंगात आला होता. शिवम्मानं बटण दाबलं आणि टीव्ही बंद केला. या घरात 'गिरकी' मधेच बंद झालेली आक्कानं कधी बघितली नव्हती.

"तुला सांगितलं असंल तिनं," शिवम्मा म्हणाली. "आता तू सांग. मी ऐकतोय."

संयोगिता सोफ्यावर मोकळ्या ठेवलेल्या जागेवर जाऊन बसली. काकू, तिला ते लगीन नको हुतं, एवढं वाक्य तिनं मनात जुळवलं. तोंड उघडलं आणि भलतंच आलं. विद्याश्री आईला अव्वा म्हणायची. संयोगितानं जन्मात तो शब्द उच्चारला नव्हता.

"अव्वा," ती म्हणाली, "मला त्या घरात देऊ नगंस."

आक्कानं पदर तोंडाला लावला. शिवम्मा मात्र जराही दचकली नाही. तिनं संयोगिताकडं वळून, अगदी जवळून, नीट बघितलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

"न्हाय देत," शिवम्मा म्हणाली. "एवढंच हुतं व्हय गं?"