एक वीत उंच

धामणखेडला तुम्ही कधी आलाच नाहीत, क्रीडा अधिकारी साहेब. फायलीत मात्र आलात. फायलीत तुम्ही उन्हात उभे राहिलात, टेप धरला, बास्केटबॉलचं मैदान मोजलं, खांब मोजले, ‘सर्व काम मापाप्रमाणे’ असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. गावातल्या एकाही माणसानं, एकाही कुत्र्यानं तुम्हाला पाहिलेलं नाही. दारव्ह्यापर्यंत तुम्ही येता, तिथून गाव अकरा किलोमीटर. तेवढं तुमच्या गाडीला झेपलं नाही, आणि त्याचं भोगलं कुणी, तर रुपाली खंडारे नावाच्या एका मास्तरणीनं आणि तिच्या दहा पोरींनी. यवतमाळच्या मैदानावर, भर दुपारी, शंभर लोकांसमोर. कसं, ते ऐका.

रुपाली ही धामणखेडच्या शाळेत तासिकेवर शिकवणारी खेळाची मास्तरीण. ती पुसदला शिकली, तिथंच शाळेकडून खेळली, आणि सतरा वर्षांची असताना जिल्ह्याच्या फायनलमध्ये हरून घरी आली. पुढचं अमरावतीचं मैदान तिला दिसलंच नाही. दोन वर्षांपूर्वी धामणखेडला सिमेंटचं मैदान झालं, दोन रिंगा लागल्या, तेव्हा तिनं घरोघरी जाऊन पोरी गोळा केल्या. पाटलांच्या घरातल्या, बौद्ध वस्तीतल्या, तांड्यावरच्या. कुणाची आई म्हणाली, पोरगी कापूस वेचायला पाहिजे. रुपाली म्हणाली, वेचू द्या, वेचून झाल्यावर पाठवा. पोरी तशाच यायच्या, ओढणीला सरकीचा पाला चिकटलेला.

यंदा हेडमास्तरांनी तिला केबिनमध्ये बोलावून सरळ सांगितलं होतं, “मॅडम, टीम जिल्ह्याबाहेर गेली तर ठीक. नाही गेली तर तो तास गणिताला देतो. पालक विचारतात.”

म्हणजे जिंकल्या तर विभागाचे सामने, अमरावती. हरल्या तर टीमच संपली.

तालुक्याचे सामने धामणखेडलाच झाले, कारण तालुक्यात बास्केटबॉलचं दुसरं मैदान नव्हतं. तिथं पोरींनी सगळ्यांना धुतलं. निकिता तर उभी राहून टाकायची आणि बॉल रिंगेतून असा खाली यायचा, जसा विहिरीत दगड. त्या थाटात सगळ्या जीपमध्ये कोंबून यवतमाळला आल्या. पहिल्या दिवशी दोन साखळी सामने. पहिला कसाबसा एकोणीस-सतरा जिंकला. दुसरा शहरातल्या शाळेशी, तो चौदा-एकतीस हरला. गटात दुसऱ्या आल्या म्हणून उपांत्य फेरीत गेल्या, एवढंच. निकितानं चौदा वेळा बॉल टाकला. चौदाही वेळा तो मागच्या फळीवर आपटून बाहेर गेला. शहरातल्या पोरी हसल्या. एकजण तर मोठ्यानं म्हणाली, “हिला सांगा, रिंग इकडं आहे.”

संध्याकाळी पाचला मैदान रिकामं झालं. कडेच्या लिंबाखाली पोरी बसल्या होत्या. निकिताचा आजा बापूजी, गावचा माजी सरपंच, हौसेनं जीपमध्ये सोबत आला होता. त्यानं पेपरात गुंडाळून आलूबोंडे आणले होते. ते कुणी खाईना.

“निकिता, तुले झालं काय?” रुपालीनं विचारलं.

“मले नाई माहीत, मॅडम. बॉल लांबच जाते. मी हळू फेकून राह्यली तरी लांब जाते.”

“हिचाच नाई, सगळ्यायचाच लांब जाते,” दीपा म्हणाली. दीपा कॅप्टन, बारावीची, बोलायला तिखट. “मी तं म्हणते, ह्या लोकायनं बॉलमंदी हवाच जास्त भरली.”

बापूजीनं आलूबोंड्याचा घास गिळला. “हवा नाई वो. इथची रिंग ठेंगणी हाय ना, बाप्पा.”

“रिंग ठेंगणी नसते, बापूजी,” रुपाली म्हणाली. “रिंग सगळीकडे सारखी. दहा फूट.”

“असंल. आपली तं नाई.”

“म्हणजे?”

“आपली मी वर करून घेतली नं. एक वीत.”

कुणाला काही कळेना. बापूजीला वाटलं आपण काहीतरी चांगलं सांगतोय, म्हणून त्यानं मांडी नीट घातली. “कापसाच्या ट्रॉल्या तिथूनच जाते ना, मैदानाच्या कोपऱ्यावरून. भरलेली ट्रॉली त्या फळीले अडकली असती. ठेकेदार खांब गाडत होता तवा मी उभाच होतो. म्हणलं, वर घे. तो म्हणे, माप दहाच हाय. मी म्हणलं, तुह्यं माप तुह्याजवळ ठेव, आमचा कापूस जाऊ दे. घेतली त्यानं वर. मंग म्हणलं, एकच उंच काहून? दुसरी बी घे. आपून अन्याय नाई केला.”

“अन् साहेब मोजायला आले तेव्हा?”

“कोनता साहेब?”

रुपाली उठली. बापूजीला काहीतरी जळजळीत बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. कारण शाळेच्या कपाटात टेप होता. दोन वर्षं होता. तिनं तो एकदाही काढला नाही. कागदावर दहा लिहिलेलं होतं, खाली सही होती, शिक्का होता, आणि तिनं त्या शिक्क्यावर विश्वास ठेवला. इतकंच नाही. गावच्या त्या रिंगेवर तिचे स्वतःचे बॉल दोन वर्षं आखूड पडत होते. तिला वाटलं, आपलं वय झालं. अठ्ठाविसाव्या वर्षी तिला वाटलं की आपले हात गेले! ती पोरींसमोर टाकायचीच बंद झाली होती. चूक बापूजीची, चूक साहेबाची, पण तिचीही होती, आणि ती कबूल केल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं.

“पोरींनो, माझं चुकलं,” ती म्हणाली. “मी मोजायला पाहिजे होतं.”

निकिता मात्र आज्यावर उसळली. “आबाजी, तुमच्या ट्रॉलीपायी मी आज शंभर लोकायपुढं रडली!”

बापूजीचं तोंड एवढंसं झालं. “मंग आता... इथची उचलाले लावू काय?”

आधी दीपा फसकन हसली, मग सगळ्याच. हसता हसता आलूबोंड्यांवर हात पडले.

रुपाली बॉल घेऊन मैदानात गेली. फ्री थ्रोच्या रेषेवर उभी राहून तिनं पोरींना शिकवलेला तोच उंच बॉल टाकला. फळीवर आपटून बाहेर. मग ती एक पाऊल मागं सरकली. ढांग नव्हे, नुसतं पायाच्या पंजाएवढं पाऊल. हाताचा जोर तोच, उंची तीच. बॉल गेला आणि जाळी वाजली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं स्वतःच्या बॉलनं जाळी वाजताना ऐकली.

“हात बदलू नका,” ती ओरडली. “दोन वर्षांचा हात एका रात्रीत बदलत नाही. पाय बदला! रिंग एक वीत खाली, तर तुम्ही एक पाऊल मागं.”

तेवढ्यात चौकीदार कुलूप हलवत आला. “चला, बंद कराचं हाय. तुमची परवानगी कोठी हाय?”

“कोण देते परवानगी?”

“साहेब देते. साहेब गेले घरी.”

बापूजीनं चौकीदाराला बाजूला बसवलं, उरलेले दोन आलूबोंडे त्याच्या हातात ठेवले आणि त्याच्या शेतीची चौकशी सुरू केली. तुरीवर अळी आहे की नाही यावर दोघांचं अर्धा तास चाललं. तेवढाच अर्धा तास पोरींना मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपांत्य सामना, पुसदशी. अर्ध्या तासात कुणी शहाणं होत नसतं. बॉल हातात आला की पाय जुन्याच जागी रुतायचे. निकिताचे सहापैकी दोन गेले. पण रुपालीनं दहाही पोरी आलटून पालटून खेळवल्या, कुणाला दमू दिलं नाही, आणि बचाव पोरींचा आधीपासून पक्का होता. कापूस वेचताना जशी प्रत्येकीची एक पात, म्हणजे ओळ, असते, आणि शेजारीण मागं पडली की आपली सांभाळून तिचीही ओढायची असते, तसाच तो बचाव होता. एकीच्या हातून पोरगी सुटली की दीपा ओरडायची, “पात सुटली वो!” आणि बाजूची धावून जायची. पुसदच्या पोरींना मोकळी जागाच मिळेना. चार गुणांनी जिंकल्या.

दुपारी तीनला फायनल. समोर तीच शहरातली शाळा. त्यांच्याकडे एक सहा फुटी पोरगी, जी हात वर करून नुसती उभी राहिली तरी सूर्य झाकला जायचा. पण आता एक गंमत झाली. धामणखेडच्या पोरींचा बॉल त्या उंच रिंगेच्या सवयीनं एवढा वरून जायचा, की त्या सहा फुटीचा हात त्याला लागेना. आणि बाकावरच्या पोरी एका सुरात ओरडत होत्या, “मांगं! मांगं!” ते आपल्या पोरींसाठी होतं. शहरातल्या पोरींना वाटलं काहीतरी डाव आहे, आणि त्याच मागं सरकायला लागल्या. त्यांचा कोच कपाळ बडवत होता, “अरे, तुम्ही काहून जाऊन राह्यल्या मागं?”

निकितानं सोळा गुण केले. मग चार मिनिटं राहिली असताना तिचा पाचवा फाऊल झाला आणि तिला बाहेर यावं लागलं. सदतीस-छत्तीस, शहर पुढं.

रुपालीनं बाकाकडे पाहिलं. टोकाला बिजली बसली होती. तांड्यावरची, बुटकी, दोन दिवसांत एकही गुण नाही. कुणीही दुसरा कोच तिला पाठवता ना. रुपालीनं पाठवलं, कारण पात सांभाळायला बिजलीसारखी कुणी नव्हती. आणि खरंच, पुढची साडेतीन मिनिटं शहराला एक गुण करता आला नाही. पण धामणखेडलाही नाही.

वीस सेकंद. दीपाला दोघींनी घेरलं, तिनं बॉल कोपऱ्यात बिजलीकडे फेकला. बिजलीनं खाली स्वतःच्या पायाकडे पाहिलं. रुपाली बाकावरून उठली. पायाकडे पाहते, वेडी! बिजली मोजून एक पाऊल मागं सरकली आणि टाकला.

गेला लांब. रिंगेच्या मागच्या काठावर आपटून पलीकडे.

पण काल दिवसभर या पोरींनी दुसरं केलं काय होतं? लांब गेलेला बॉल या मैदानावर कुठं पडतो, हे त्यांच्याइतकं अख्ख्या यवतमाळात कुणाला ठाऊक नव्हतं. शहरातल्या पोरी रिंगेखाली दाटीवाटीनं उभ्या होत्या. बिजलीनं बॉल टाकायच्या आधीच दीपा पलीकडे धावली होती. बॉल तिच्या हातात असा आला, जसा कुणी आणून दिला. तिनं फळीला लावून आत टाकला.

अडतीस-सदतीस.

मग जो गोंधळ झाला तो सांगायची सोय नाही. बापूजी मैदानात शिरला आणि पंचानं त्याला बाहेर काढलं. निकितानं त्याच्या गळ्यात हात टाकला, आणि तो सारखं म्हणत होता, “ट्रॉली दुसरीकडून नेतो, माय. घराच्या मांगून नेतो. शपथ खाऊन सांगतो.” हेडमास्तरांचा फोन आला. गणिताचं त्यांनी नाव काढलं नाही. बिजली तेवढी कोपऱ्यात तोंड लपवून उभी होती. “माह्यावाला तं गेलाच नाई,” ती म्हणाली. रुपालीनं तिला जवळ ओढलं. “तो जिथं जायचा तिथंच गेला.”

बक्षिसाला साहेब आले. हो, तुम्हीच. पांढरा शर्ट, हातात माईक. तुम्ही भाषणात म्हणालात, ग्रामीण भागात सुविधा पोचल्या त्याचं हे फळ आहे. मग माईक रुपालीपुढं धरून हसत विचारलंत, “मॅडम, या यशामागचं कारण काय सांगाल?”

रुपालीनं माईक हातात घेतला. परत दिला नाही.

“कारण सांगते, साहेब. दहा पोरी, दहाही खेळल्या. एकीचं चुकलं तर दुसरी तिथं उभी होती. आणि आम्ही आमची चूक मोजली. बारा दिवसांनी अमरावतीला विभागाचे सामने आहेत. आमच्या गावच्या रिंगा एक वीत उंच आहेत. खांब सिमेंटात गाडलेत, बारा दिवसांत निघणार नाहीत.”

तुमचं हसू जरासं हललं. “उंच कशा असतील? मापाप्रमाणे आहेत. रेकॉर्डला आहे.”

बाकाकडून बापूजीचा आवाज आला, “कोनाच्या रेकॉर्डले?”

लोक हसले. तुम्ही घड्याळ पाहिलंत. “मॅडम, काय असेल ते अर्ज द्या. आपण बघू.”

“अर्ज देणार नाही,” रुपाली म्हणाली. तिचे शब्द सुटे सुटे येत होते. “हे मैदान बारा दिवस सकाळी सहा ते आठ रिकामं असतं, मी चौकीदाराला विचारलं. जीप बापूजी देतात. पोरी चारला उठतील. आम्हाला फक्त बरोबर मापाची रिंग पाहिजे. उद्या सकाळी सहाला या गेटचं कुलूप उघडं राहील का बंद? माईक चालू आहे, साहेब. सांगा.”