पाचवी पाकळी

नसती उठाठेव हा माझा जुना आजार. बाबा घड्याळजी. त्यांनी दुरुस्त केलेली घड्याळं मी लहानपणी पुन्हा उघडायचे, ती का चालतात ते बघायला. बाबा आधी रागवायचे आणि मग भिंग माझ्याच हातात द्यायचे. जित्याची खोड, जाते कुठे!

आईच्या गळ्यातल्या चांदीच्या पदकाला मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. मोठ्या बटणाएवढं पदक, त्यावर पाच पाकळ्यांचं फूल. आई गेल्यापासून चार वर्षं ते त्यांच्या हत्यारांच्या पेटीत पडून काळं ठिक्कर झालं होतं. आता बाबांनी ते माझ्या धाकट्या बहिणीला देऊ केलं होतं आणि ती न्यायला येणार होती, उद्याच. असं काळं पदक तिच्या हातात कसं द्यायचं? बाबा डोळे तपासायला गेले आणि मी पेटी उघडली.

टूथपेस्टने चांदीवर ओरखडे पडतात, एवढं ठाऊक होतं. म्हणून भांड्यात अन्न गुंडाळायचा चंदेरी कागद अंथरला, त्यावर पदक, वर चमचाभर खाण्याचा सोडा आणि मग उकळतं पाणी. फसफसलं. कुजक्या अंड्याचा वास सुटला आणि काळेपणा बघता बघता उतरायला लागला. मी नाक दाबून, पण डोळे फाडून बघत होते. मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

फडक्याने पुसलं आणि माझी पाचावर धारण बसली. फूलच दिसेना. रेघांमधला काळा रंग घडवणाऱ्याने मुद्दाम भरलेला होता, त्याच्यामुळेच फूल उठून दिसायचं. आता हातात उरली होती एक पांढरीफटक चकती. बाबांपाशी आईचं एवढंच होतं आणि तेही मी धुऊन टाकलं होतं.

उजेडात तिरकं धरलं तेव्हा कुठे पाकळ्या दिसल्या. चारच. पाचवीच्या जागी साफ गुळगुळीत. आधी आईच्या गळ्यात आणि नंतर काळेपणाखाली हे कधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

तेवढ्यात बाबा आले. लपवण्यात अर्थ नव्हता. मी पदक पुढे केलं, केलेलं सगळं सांगितलं आणि राहवलं नाही म्हणून तेही विचारलं, की ही पाकळी कशाने गेली?

बाबा खुर्चीत बसले. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, हे सोड्याचं काम नाही, हत्याराचंही नाही. हा तिचा अंगठा आहे, वर्षानुवर्षं एकाच जागी फिरलेला. पण तिला असं करताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मी पाहिलं होतं. ताटं झाकून ठेवलेली, आई खिडकीशी उभी, एक हात गळ्याशी. दुकानातून बाबांचा फोन येऊन गेलेला असायचा, पाच मिनिटांत निघतो म्हणून.

"तुमची वाट बघताना करायची," मी म्हणाले. "तुम्ही कोपऱ्यावर दिसलात की हात खाली."

बाबांनी भिंग काढून ठेवलं आणि आपला अंगठा त्या जागेवर टेकवला. "मला वाटायचं, तिला उशिराचं काही वाटत नाही," ते म्हणाले.

मला रडू आलं. त्यांनी अंगठा उचलला नाही.

"धाकटीला फोन कर," ते म्हणाले. "म्हणावं, उद्या नको. अजून थोडं थांब."