वरची ओळ

जुन्या सह्या पारखून देणाऱ्या लोइस ब्रँडलने चिमट्याने बेसबॉलचं कार्ड उचललं आणि दिव्याखाली आडवं धरलं. मधोमध घडी पडली होती, चारही कोपरे झिजून गोल झाले होते आणि कधीतरी पाणी लागल्यामुळे खालची कड फुगली होती. तरीही बॉल फेकायला हात मागे नेलेला तरुण खेळाडू क्लेटन बार्डवेल चित्रात ओळखू येत होता. त्याच्या पायांवर निळी सही होती आणि सहीच्या वर एक ओळ: ‘एमेट, लवकर बरा हो. मैदानावर तुझी वाट बघतोय.’

टेबलापलीकडे बसलेली दोघं भावंडं तिच्या हातांकडे बघत होती. जिनीव्हा मोठी, ऐंशी कधीच ओलांडलेली. एमेट तिच्याहून चार वर्षांनी लहान, डाव्या पायात लोखंडी आधार आणि हातात काठी. ती दोघं सकाळीच गाडीने डेटनला लोइसकडे आली होती. पुढच्या आठवड्यात जिनीव्हा मुलीकडे ॲरिझोनाला कायमची राहायला जाणार होती. त्याआधी ही सही खरी की खोटी याचा एकदाचा निकाल लागायला हवा, असं तिनंच ठरवलं होतं.

एमेटला पोलिओ झाला तेव्हा मुलांच्या वॉर्डात भावंडांना सोडत नसत. जिनीव्हाने मैदानाच्या मागच्या दाराशी उभं राहून बार्डवेलची सही मिळवली आणि नर्सच्या हाती कार्ड आत पाठवलं, असं ती सांगत आली होती. एमेट म्हणे, सही तिनंच घरी बसून केली. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टर्की कापता कापता हा वाद निघाला नाही, असं एकही वर्ष गेलं नव्हतं.

“बार्डवेल तेव्हा नुसत्या सह्या करत सुटला होता,” जिनीव्हा म्हणाली. “पण ह्याला कोण पटवणार?”

“मग घरी बसून तूही सुटली असशील त्याच्या सह्या करत,” एमेट म्हणाला.

लोइसने भिंग डोळ्याला लावलं. बार्डवेलच्या सह्यांचे नमुने तिच्याकडे होते. घाईत सही करताना तो आडनावातल्या पहिल्या अक्षराचं पोट खालून उघडंच ठेवायचा. इथेही ते उघडं होतं. हात कुठे अडखळलेला नव्हता, रेघ मागे जाऊन गिरवलेली नव्हती. फाउंटन पेनची शाई पाण्याने थोडी पसरली होती. ती पसरताना कागदाच्या जुन्या भेगांत शिरली नव्हती, म्हणजे सही भेगा पडण्याआधीची होती.

मग तिने भिंग वर सरकवलं. वरची ओळ त्याच पाण्यात भिजली होती, पण तिची शाई जराही पसरली नव्हती. ती बॉलपेनची होती. अक्षरं एकेक करून, जपून, मोठ्या माणसाचं वळण आणायचा प्रयत्न करत लिहिलेली होती.

लोइसने भिंग पुसलं. पुसायची गरज नव्हती. जिनीव्हाने मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला होता आणि ती खिडकीबाहेर उभ्या असलेल्या गाड्या बघत होती. आतापर्यंत तिची नजर कार्डावरून हलली नव्हती.

या टेबलाशी बसून लोइसने कित्येकांना नको ते सांगितलं होतं. वडिलांनी जपलेली सही रबरी शिक्क्याने उमटवलेली निघायची, आणि माणसं गप्प उठून जायची. खोटं ती कधी बोलली नव्हती. पण आज सगळं सांगायलाच हवं का, असं तिच्या मनात आलं. तिने चिमटा खाली ठेवला.

“सही खरी आहे,” ती म्हणाली. “क्लेटन बार्डवेलचीच.”

जिनीव्हाने भावाकडे बघितलंही नाही. एवढी वर्षं वाट बघितलेला विजय तिने नुसती मान हलवून घेतला.

एमेटने काठी टेबलाला टेकवली. “आणि वरची ओळ?”

लोइसने भिंग बाजूला ठेवलं. “सर्टिफिकेटवर सहीपुरतंच लिहिता येतं.”

“मी सर्टिफिकेटचं विचारत नाही.”

“ती दुसऱ्या पेनने लिहिलीय,” लोइस म्हणाली. “दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने.”

जिनीव्हाच्या बोटाभोवतीचा पट्टा आणखी आवळला. एमेटने हात पुढे करून कार्ड अलगद आपल्याकडे ओढलं. शेवटच्या शब्दातल्या एका अक्षराची शेपटी खाली जाऊन पुन्हा वर वळली होती. त्याने तिच्यावर अंगठा ठेवला.

“शेपटी अशी वर फिरवणारं आमच्या घरात एकच माणूस आहे,” तो म्हणाला. “घरी आल्यावर हिने माझ्या डब्यावर नाव लिहिलं, तेव्हाच मला कळलं.”

“मग सहीबद्दल कशाला भांडत होतास?” जिनीव्हाचा आवाज बारीक झाला होता.

“तू चिडून ओळीचं कबूल करशील म्हणून. तू सहीवरच अडून बसलीस.”

जिनीव्हाने बोटाभोवतीचा पट्टा सोडवला. मग ती म्हणाली, “त्याने तुझं नावसुद्धा विचारलं नाही रे. सही केली, कार्ड माझ्या हातात कोंबलं आणि बसमध्ये चढला. बाहेर पायरीवर बसून मी विचार केला, नुसतंच कसं पाठवायचं तुला?”

एमेटने रुमाल काढून नाक पुसलं. मग अगदी कामाचं बोलावं तसं त्याने लोइसला विचारलं, कार्डाला दर्जा कोणता मिळेल. लोइसने खरं ते सांगितलं. घडी, कोपरे आणि पाणी यामुळे कार्ड सगळ्यात खालच्या दर्जाचं ठरेल. त्यात परक्या हाताचा मजकूर. बाजारात तो नुकसान म्हणूनच धरला जातो. काही लोक तो काढूनही देतात, पण ती स्वतः ते काम करत नाही.

“नुकसान,” एमेट म्हणाला आणि त्याला हसू फुटलं. “ऐकलंस का जिनीव्हा, नुकसान केलंस.”

“ऐकलं. मी काही बहिरी नाही.”

लोइसने प्लॅस्टिकची जाड पेटी पुढे ठेवली. कार्ड एकदा तिच्यात बंद केलं की सील तोडल्याशिवाय बाहेर निघत नाही, असं तिने सांगितलं. एमेटने पेटी हातात घेऊन बघितली आणि परत दिली. मग लोइसने खणातून साधं पारदर्शक पाकीट काढलं. त्याचे पैसे लागत नाहीत, असं ती म्हणाली.

एमेटने कार्ड पाकिटात सरकवलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. काठीवर भार देऊन तो उठला, तेव्हा जिनीव्हा आधीच त्याच्यासमोर उभी होती. तिने त्याच्या खिशाचं बटण लावलं.

“पाडशील कुठेतरी,” ती म्हणाली.