दहा मिनिटांचा आराम

दचकू नका. तुमच्या पोटाखालून येतोय तो आवाज माझाच आहे. मी ऑस्टिओपॅथीच्या दवाखान्यातलं टेबल. तुम्ही पालथे पडून त्या गोल भोकात तोंड घातलंत, की तुम्हाला फक्त फरशी दिसते आणि ताईंच्या चपला. मग तुम्हाला वाटतं, आपलं ऐकायला खोलीत तिसरं कोणी नाही. मी असतो. सहा वर्षं तुमची सगळ्यांची वजनं सोसतोय, आणि खरं सांगायचं तर वजनापेक्षा तुमच्या वागण्याचेच धक्के मला जास्त बसलेत.

माझा जन्मच धक्क्याने झाला. सुताराने चौकट जोडली, वर गुळगुळीत फळी बसवली, मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. तेवढ्यात त्याने करवत घेतली आणि माझ्या ऐन डोक्यात भोक पाडलं. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. पुढे फोम घालून निळं रेक्झिन चढवणाऱ्या बाई कुणाला तरी म्हणाल्या, की माणसं तिथून श्वास घेतात. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

दवाखान्यात आलो तेव्हा दारातच मला अर्धा तास उभं केलं. काउंटरवरच्या काकूंनी चष्मा लावून माझे चारही पाय, पायाशी असलेलं वर-खाली करायचं पेडल, शिवणी, सगळं तपासलं आणि मगच सही केली. काकूंची ही सवय पुढे कुणाच्या कामी येणार आहे, हे तेव्हा मला काय ठाऊक.

खोली ताईंची. सगळे त्यांना ताईच म्हणतात, त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. शेजारच्या खोलीत सर बसतात. ताईंना त्यांनीच शिकवलेलं, आणि आता ताई त्यांच्याच दवाखान्यात काम करतात. दोघांचं काम हातांचं. सांधे, स्नायू, पाठीचा कणा हाताने चाचपायचा, कुठे आखडलंय ते शोधायचं, हलकेच ताणून, दाबून, हलवून मोकळं करायचं. लोकांना वाटतं इथे हाडं मोडतात. एक ट्रकचालक पहिल्या दिवशी माझ्या कडा इतक्या घट्ट धरून पडला होता, की त्याची पाठ राहिली बाजूला, आधी बोटंच सोडवावी लागली.

मोठ्या माणसांनी तर मला थक्क करून सोडलंय. एक कारकून म्हणाला, पाठ अचानक दुखायला लागली. दहा मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर कळलं, की हे अचानक अकरा वर्षांपूर्वीचं आहे. दुसऱ्या एकाने मागच्या खिशात जाडजूड पाकीट ठेवून वीस वर्षं त्यावर बसून काढली होती. पाकीट काढा म्हटल्यावर तो ताईंकडे असा बघायला लागला, जणू त्यांनी त्याची किडनी मागितलीय. आणि घरी व्यायाम केलात का, ह्या प्रश्नाला एकजात सगळे हो म्हणतात. त्या वेळी त्यांच्या पाठीचा स्नायू कसा आकसतो, ते मला विचारा.

गरोदर बायका आल्या की मला वेगळं सजवतात. एका कुशीवर झोपवायचं, एक उशी डोक्याखाली, एक पोटाखाली, एक गुडघ्यांमध्ये. कंबर, माकडहाड, मांडीचा सांधा, सगळ्यावर वाढता भार असतो. ताई हळूहळू हात फिरवतात आणि त्या बायका असा काही सुस्कारा सोडतात, की माझा फोमसुद्धा सैल पडतो. एक शाळामास्तरीण तर चक्क घोरायला लागली. ताई बाहेर जाऊन बसल्या आणि पुढच्या पेशंटला म्हणाल्या, जरा थांबा, ह्यांना घरी झोप मिळत नाही.

मुलं माझं पेडल दाबून मला वर-खाली करतात. कुणाचा पाय मुरगळलेला, कुणाची मान दप्तराने वाकलेली. आणि बाळं? बाळांचं मला वजनच कळत नाही. ताईंचा एक तळहात बाळाच्या पाठीएवढा असतो. मान एकाच बाजूला ठेवतं, पाजायला घेतलं की एका बाजूला रडतं, अशी बाळं येतात. ताई बोटाच्या टोकाने तपासतात, पाजताना कसं धरायचं ते आईला दाखवतात. पण त्या स्पष्ट सांगतात, रडं थांबवायची जादू माझ्याकडे नाही, आधी बाळाच्या डॉक्टरांना दाखवून या. काही आयांना त्याचा राग येतो. राग आला तर येऊ दे, असं ताईंचं म्हणणं.

म्हणूनच त्यांनी पेशंटसाठी एक फॉर्म केला. अकरा प्रश्न, स्वतः लिहिलेले. फॉर्म भरल्याशिवाय माझ्यावर कुणाला चढू द्यायचं नाही, मग प्रत्यक्ष देव आला तरी, असं त्यांनी काकूंना बजावलं होतं. एकदा घाईत असलेल्या बँकेच्या साहेबांना काकूंनी दारातून परत पाठवलं. चष्मा विसरलेल्यांना त्या स्वतः प्रश्न वाचून दाखवतात, सगळ्यांना एकाच सुरात. ताईंचं सांगणं असं, की हाताला फक्त आखडलेलं कळतं, ते कशामुळे आखडलं ते विचारावंच लागतं.

आता ज्याने मी हादरलो, ते सांगतो.

लग्नानंतर नऊ वर्षांनी ताईंना दिवस गेले. दोनदा आधी आशा लागून मोडली होती. हे मला कसं कळलं विचाराल, तर दुपारच्या सुट्टीत माझ्यावर टेकून त्या बहिणीशी फोनवर बोलायच्या. ह्या खेपेला आठवा महिना लागला तरी त्या कामावर येत होत्या. त्यांना फार जपून वागावंसं वाटत होतं, पण पेशंटना नाही म्हणवत नव्हतं. तपासणीची तारीख एकदा पुढे ढकलली, मग आणखी एकदा.

ताईंचे हात मला पाठ आहेत. त्या महिन्यात ते बदलले. बोटं सुजली, अंगठी काढून गळ्यातल्या साखळीत ओवली. पेशंट गेला, की त्या माझ्या कडेवर दोन्ही तळवे टेकून उभ्या राहायच्या, मग स्वतःची मान दाबायच्या. वाकून वाकून मान धरलीय, डोकं ठणकतंय, असं काकूंना म्हणायच्या. उजव्या बरगडीखाली दुखायचं. बाळ वर सरकलंय, बरगड्या पसरतायत, हे वाक्य त्या शंभर बायकांना सांगून चुकल्या होत्या. आता स्वतःला सांगत होत्या. मग एके दिवशी खोलीतला दिवा फडफडतोय अशी त्यांनी तक्रार केली. काकूंनी नवा बल्ब लावून घेतला. दोन दिवसांनी त्या पुन्हा म्हणाल्या, हाही फडफडतोय.

मी त्या बल्बखाली सकाळ-संध्याकाळ उताणा पडलेला असतो. तो फडफडत नव्हता. हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण टेबलाला तोंड असून नसल्यासारखं.

त्या दुपारी एका पेशंटने यायचं रद्द केलं. ताईंनी सरांना हाक मारली. दहा मिनिटं द्या, ही एक बरगडी तेवढी मोकळी करा, म्हणाल्या. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ताई माझ्यावर चढल्या. डाव्या कुशीवर, तीन उशा घेऊन. मला काय वाटलं ते सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. मला अभिमान वाटला. आज ह्यांना असा आराम देऊ, असं मी ठरवून टाकलं.

सरांनी बरगडीवर हात ठेवला. स्नायू खरंच दगड झाला होता. त्यांनी अंगठा सरकवला, तोच काकू दारात आल्या. हातात फॉर्म अडकवलेली पाटी.

"काकू, तो फॉर्म मी लिहिलाय," ताई हसत म्हणाल्या.

"हो ना. मग कोणाला सूट नाही हेही तुम्हीच सांगितलंय."

सरांना हसू आलं. पण त्यांनी हात उचलले. सवय म्हणा, काकूंचा धाक म्हणा. ताई म्हणाल्या, बरं वाचा, मी हो-नाही सांगते, आणि डोळे मिटले.

काकू नेहमीच्या सुरात वाचायला लागल्या. डोकं दुखतं का? हो. किती दिवस? तीन आठवडे, रोज. हात, चेहरा सुजतो का? हो, थोडा. बरगडीखाली, उजव्या बाजूला दुखतं का? त्यासाठीच तर पडलेय ना. काकू एकेक खूण करत होत्या.

"डोळ्यांपुढे काजवे चमकतात का?"

ताईंनी डोळे उघडून वर बघितलं आणि म्हणाल्या, "दिवा..."

"दिवा मी परवाच बदललाय, ताई," काकू म्हणाल्या. त्यांचा सूर तोच होता, पण पाटीवरचं पेन थांबलं होतं. "बीपी शेवटचं कधी बघितलंत?"

माझ्यावर पडलेल्या माणसाचं काळीज धडधडायला लागलं, की ते माझ्या फळीपर्यंत पोचतं. त्या क्षणी ताईंचं असं धडधडलं, की मला वाटलं माझ्या खिळ्यांवरच कुणी ठोकतंय. पाच आठवडे झाले, त्या म्हणाल्या. सरांनी माझ्या खालच्या खणातून यंत्र काढलं. आकडा आला तो त्यांनी मोठ्याने सांगितला नाही. दुसऱ्या दंडाला पट्टा बांधून पुन्हा बघितलं. मग यंत्र उलटं करून ठेवलं आणि काकूंना म्हणाले, गाडी बोलवा, हॉस्पिटलला कळवा, गरोदर बाई आहे, बीपी एकशे बहात्तर, एकशे बारा आहे म्हणून सांगा.

"सर, ह्या गोष्टी मी प्रत्येकीला विचारते," ताई म्हणाल्या. "प्रत्येकीला."

गाडी आली, त्या गेल्या. सर तसेच स्टुलावर बसून राहिले. स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होते. थोड्या वेळाने काकूंना म्हणाले, की मी ती बरगडी मोकळी केली असती तर तिला बरं वाटलं असतं, आणि ती घरी गेली असती.

तेव्हापासून मी सावरलेलो नाही. मी जन्मभर समजत होतो, की आराम देणं म्हणजे चांगलंच करणं. त्या दुपारी माझा तो मऊ फोम, त्या तीन उशा, सरांचा तो मुरलेला हात, आम्ही सगळे मिळून एका बाईला आणि तिच्या पोटातल्या जिवाला दहा मिनिटांत बरं वाटायला लावून मरणाच्या दारात पाठवणार होतो. दुखणं बरगडीत नव्हतंच. रक्तदाब चढून आतल्या यकृतावर ताण आला होता, असं मागाहून सरांच्या बोलण्यातून कळलं.

त्याच संध्याकाळी ऑपरेशन करून बाळ बाहेर काढलं. मुलगी, दोन किलोच्याही आत. ताईंना त्यानंतर झटके आले. दोन दिवस त्या शुद्धीवर नव्हत्या, आणि ते दोन दिवस काकू फोन वाजला, की उचलायच्या आधी भिंतीला हात लावून उभ्या राहायच्या.

तिसऱ्या दिवशी ताईंचे यजमान त्यांची पर्स आणि चपला न्यायला आले. ताईंनी डोळे उघडले होते, पाणी मागितलं होतं, हे त्यांनी दारातच सांगितलं. मग आत येऊन माझ्या कडेवर बसले. दाढी वाढलेली, सदरा उलटा घातलेला.

"मला म्हणाली मान आखडलीय," ते म्हणाले. "मी रोज चोळून देत होतो, काकू. तिला बरं वाटायचं."

काकूंनी त्यांना पाणी दिलं.

आता मी थोडा जुना झालोय. उजव्या कोपऱ्यावर रेक्झिन उकललंय, पेडल दाबलं की कुरकुरतं. तुमचं एकच मागणं असतं, बरं वाटू दे. माझंही एकच आहे. माझ्यावर झोपायच्या आधी खरं सांगा. फॉर्मला, डॉक्टरला, घरच्यांना. आणि दुसऱ्यांना विचारता ते प्रश्न कधीतरी तुम्हालाही कुणाला तरी विचारू द्या. हात कितीही शिकलेला असला, तरी तो ज्याचा आहे त्याच्याच समजुतीचं ऐकतो.

पाच महिन्यांनी ताई आल्या. कामाला नाही, नुसत्या भेटायला. मुलगी कडेवर, अजून वयाच्या मानाने लहानच. सरांनी विचारलं, हिला तपासू का एकदा? ताई म्हणाल्या, बाळाच्या डॉक्टरांनी कालच बघितलंय, ठीक आहे. मग स्वतःलाही काही होत नसल्याचं आपणहून सांगून टाकलं, बीपीच्या आकड्यासकट. सर बाहेर गेले, काकूंनी दार ओढून घेतलं.

ताई माझ्यावर उताण्या पडल्या आणि मुलीला छातीवर घेतलं. उशी नाही, काही नाही. थोडा वेळ त्यांचे हात कडेलाच होते. मग एक हात मुलीच्या पाठीवर आला. तो काही शोधत नव्हता, काही चाचपत नव्हता. नुसता ठेवला होता. ताई रडत होत्या, ते मला त्यांच्या पाठीतून कळत होतं.

त्या दुपारीही माझ्यावर दोघी होत्या. पण मला एकीचाच श्वास जाणवला होता, आणि मी खुशाल समजलो, की माझ्यावर एकच माणूस पडलंय. ह्या वेळी एक श्वास लांब होता, एक घाईचा, आणि मी दोन्ही नीट मोजले.