दत्तानं आणलेलं भारी ऑइल

मी एक जुनी मोटारसायकल हाय, मित्रांनो, राणीसावरगावच्या सितारामच्या दारातली, आन खरं सांगू का, आता लय थकले. पण तेवढं ऐकाच, कारण ह्या उन्हाळ्यात मी भंगारात जाता जाता वाचले, आन मला भंगारात घालायला निघाली होती ती लेकाची माया!

नवी होते तवा काळी कुळकुळीत होते. सिताराम नि त्याची बायको कुसुमबाई मला घेऊन ऊस तोडायला जायचे. मागं कोयते, भांड्याचं गठुडं, आन पुढं टाकीला धरून त्यांची बारकी लेक संघप्रिया. फडातल्या चिखलातून मी निघाले की लोक म्हणायचे, "सिताराम, ही गाडी न्हाई, बैल हाय बैल!" लय बरं वाटायचं. मग आरसे गेले, सीट फाटलं, त्याच्यावर पोतं आलं. आता तीच संघप्रिया माझ्यावर बसून रोज गंगाखेडला नर्सिंग शिकायला जाती. तिच्या वेळेला एसटी न्हाई. मी चालले तर तिचं शिक्षण चाललं.

चौदा एप्रिलच्या जयंतीला तिचा मोठा भाऊ दत्ता आला. तो पुण्यात साहेबाची कार चालवतो. हातात चकचकीत डबा.

"बाबा, कारचं ऑइल हाय, एकदम भारीतलं. म्हातारीला पाजा, पोरगी होऊन पळंल!"

सितारामनं दोन बोटांत चोळून बघितलं. "लोण्यावानी हाय की रे!" म्हणला, आन सगळं माझ्या पोटात ओतलं.

मला बी आधी गारगार वाटलं. पण मित्रांनो, ऑइल दिसायला सारखं, आतून न्हाई. कुसुमबाईचा काळा मसाला नि शेजारणीचा एक असतो का? तसंच कंपन्यांचं. तेलात जो तो आपला मसाला मिसळतो. ट्रॅक्टरच्या तेलात काजळी धरून ठेवणारा, कारच्या तेलात घासणं कमी करणारा, म्हणजे इंजिन हलकं पळावं. कारला ते चालतं, कारण तिच्या क्लचची प्लेट कोरडी, बाजूला असती. माझ्या क्लचच्या प्लेटा त्याच तेलात बुडालेल्या! एकमेकीला घट्ट धरून इंजिनाचा जोर चाकाला द्यायचा हेच त्यांचं काम, आन हे तेल त्यांना म्हणायलंय, सोडा की, सरका की!

झालं. चढ आला की इंजिन बोंबलायचं आन चाक जागचं हलायचं न्हाई. संघप्रिया घामाघूम होऊन मला ढकलायची. रोज उशीर. शेवटी मॅडमनी सांगितलं, आता उशीर झाला तर परीक्षेला बसू देणार न्हाई.

"म्हातारी संपली," सिताराम म्हणला. "उद्या भंगारवाल्याला बोलावतो."

"आन मी कशावर जाऊ, बाबा?"



संघप्रिया माझ्याजवळ उकिडवी बसली. दवाखान्यात पेशंटला विचारतात तसं विचारायला लागली, "हिला तरास कधीपासून व्हायलाय?"

"जयंतीपासून."

"त्याच्या आधी हिनं नवीन काय खाल्लं?"

सितारामनं दत्ताचा रिकामा डबा उचलून बघितला. मग हळूच म्हणला, "त्यानं लय मायेनं आणलं गं. त्याला कोणत्या तोंडानं सांगू?"

आतून कुसुमबाई कडाडली, "लेकाचं तेल चुकलं म्हणायला जीभ उचलंना, आन गाडी इकायला बरी उचलायली!"

मग सिताराम उठला. पाना आणला. ते भारी ऑइल डब्यात काढलं, मोटारसायकलचं साधं ऑइल घालून मला खंगाळलं, ते बी काढलं, आन परत ताजं भरलं. दुसऱ्या दिशी चढाला प्लेटा जरा सरकल्या, मग त्यांनी एकमेकीला धरलं ते धरलंच. संघप्रिया येळेच्या आधी वर्गात!

काल दत्ताचा फोन आला. माझ्या सीटवर बसूनच सिताराम बोलत होता.

"बाबा, दिवाळीला येतो. आणखी एक डबा आणू का?"

माझं तर पेट्रोलच गोठलं, मित्रांनो.

"नगं बाळा," सिताराम म्हणला. "कारचं कारला, हिचं हिला. हिला ते सोसलं न्हाई."

तिकडून दत्ता बारीक आवाजात, "मग ते तेल वाया गेलं?"

"वाया कसं जाईल? फाटकाच्या बिजागरीला लावलं. आता आवाज न करता उघडतंय. तू नुसता ये."

म्हणून सांगते, माया करा, पण ज्याला जे सोसतं ते विचारून करा. आन मला जरा सावलीत लावा. उद्या परत चढ हाय.